थिन क्लायंटवर लॉगिन होत नाही? सर्व्हरला हात लावायच्या आधी हे करून बघा

कुडाळ, कणकवली, मालवण, देवगड या भागातल्या शाळांच्या कॉम्प्युटर लॅब बघताना मला एकच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, तो म्हणजे थिन क्लायंट (सर्व्हरवरून नेटवर्कने बूट होणारं मशीन) चालू होतं, लॉगिनचा स्क्रीन पण येतो, आणि पोरं ओरडतात "सर, पासवर्ड घेणा नाय!" आणि मग सर काय करतात तर सर्व्हर रिस्टार्ट, तरी झालं नाही तर नेटवर कुठेतरी वाचलेली कमांड, तरी नाही झालं तर अख्खी इमेज (सगळी मशीन ज्याच्यावर चालतात ती सर्व्हरवरची तयार प्रत) परत बनवायला घेतात आणि तास संपतो. यातलं बहुतेक काही करायची गरज नसते हो. लॉगिन अडलं म्हणजे कुठे अडलं हे आधी शोधायचं, आणि ते शोधायला सर्व्हरला हात लावावा लागत नाही, फक्त दोन मशीन आणि दोन युजर लागतात.

हा लेख ज्यांच्या गळ्यात नुकतीच लॅब पडली आहे त्यांच्यासाठी आहे. म्हणजे गणिताचे सर किंवा विज्ञानाच्या मॅडम ज्यांना मुख्याध्यापकांनी सांगितलं की आजपासून लॅब तुम्ही बघा. मी इथे एलटीएसपी (लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, एका सर्व्हरवरून सगळी मशीन चालवायची व्यवस्था) धरून चाललोय, कारण लिनक्सवर नेटवर्कने बूट होणाऱ्या शाळेच्या लॅबमध्ये बहुतेक वेळा तेच असतं. कमांडची नावं मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि लहान लिपीत टाकायची.

१. आधी हे जवळ ठेवा

- सर्व्हरचा सुडो अधिकार (म्हणजे सगळं बदलायचा अधिकार) असलेला युजर आणि त्याचा पासवर्ड (वहीत लिहिलेला असेल तर ती वही कपाटात, टेबलावर नको)
- चालते अशी खात्री असलेली एक लॅनची केबल
- सीआर २०३२ ची दोन-तीन नवीन बटण बॅटरी, घड्याळाच्या दुकानात पण मिळतात
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश
- साधा यूएसबी कीबोर्ड, जो नक्की चांगला आहे
- लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्याच्यावरून इन्स्टॉल न करता लिनक्स चालू होतं)
- एक वही, ज्यात प्रत्येक मशीनचा टेबल नंबर आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) लिहिलाय

आणि सर्व्हरवर "चाचणी" म्हणून एक साधा युजर कायम बनवून ठेवा, ज्याच्या खात्यात कोणी कधी काम करत नाही. याचा उपयोग पुढे प्रत्येक पायरीला आहे.

२. लॉगिनच्या मागे काय होतं ते एकदा समजून घ्या

मशीन चालू केलं की ते नेटवर्ककडे पत्ता मागतं, मग सर्व्हरकडून आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम), कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (बूट होताना लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) घेतं, मग सर्व्हरवरची इमेज नेटवर्कवरून वापरायला लागतं आणि लॉगिन स्क्रीन दाखवतं. इथपर्यंत तुमच्या पासवर्डचा काहीही संबंध नाही.

तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकलात की क्लायंट तो पासवर्ड स्वतः तपासत नाही. तो एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनशी सुरक्षित बोलायची पद्धत) सर्व्हरला विचारतो की हा माणूस बरोबर आहे का, सर्व्हर हो म्हणाला की त्या युजरचं होम, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फाइलींचं फोल्डर, एसएसएचएफएसने (एसएसएचवरून फोल्डर जोडायची सोय) सर्व्हरवरून जोडलं जातं, आणि मग डेस्कटॉप उघडतो. म्हणजे लॉगिन अडायच्या जागा तीनच: सर्व्हरने पासवर्ड नाकारला किंवा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, होम जोडलं गेलं नाही, किंवा होम जोडलं पण डेस्कटॉप उघडला नाही.

एवढं डोक्यात बसलं की एक गोष्ट आपोआप कळते. लॉगिन स्क्रीन नीट येतोय म्हणजे इमेज ठीक आहे, त्यामुळे पासवर्डच्या तक्रारीवर इमेज परत बनवायला घेणं म्हणजे दात दुखतोय म्हणून पायाला प्लास्टर.

३. चार प्रश्न विचारा

अडलेला युजर दुसऱ्या मशीनवर जातोय का? अडलेल्या मशीनवर चाचणी युजर जातोय का? सगळ्यांचंच अडलंय का? की कधी जातं कधी नाही?

एकच युजर सगळीकडे अडतोय तर त्याचं खातं किंवा होम बिघडलंय, पायरी ५ आणि ६ बघा. एकाच मशीनवर सगळे अडतायत तर दोष त्या मशीनचा, पायरी ४. सगळ्या मशीनवर सगळे अडतायत तर सर्व्हर, पायरी ७. आणि कधी जातं कधी नाही असं असेल तर पायरी ८, तिथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात म्हणून ती नीट वाचा.

उत्तरं वहीत लिहा, तारखेसकट. पुढच्या वेळी तोच टेबल नंबर दिसला की अर्धं काम तिथेच होतं.

४. एकाच मशीनवर अडतंय

पहिलं म्हणजे कीबोर्ड. आपल्या लॅबमध्ये मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट लावलेला असतो, आणि लॉगिन स्क्रीनवर भाषा मराठीच राहिली असेल तर पासवर्ड देवनागरीत पडतो, आणि ठिपकेच दिसतात त्यामुळे कळत नाही. सोपी युक्ती अशी की पासवर्ड आधी युजरनेमच्या रकान्यात टाइप करून बघा, काय उमटतंय ते दिसेल, मग खोडून टाका (पोरांना बाजूला करून). कॅप्स लॉक आणि आकड्यांसाठी नम लॉक पण तिथेच कळतं. आणि किनाऱ्याजवळच्या शाळांत कीबोर्डची एखादी की दमट हवेने चिकटलेली असते आणि दोन वेळा उमटते किंवा उमटतच नाही, ते पण.

दुसरं, आणि हे फार फसवतं. मशीन नेटवर्कवरून बूट झालंय का खरोखर? देणगीत मिळालेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये जुनी हार्ड डिस्क तशीच असते आणि त्यात कुठल्यातरी जुन्या ऑफिसचं लिनक्स असतं. मदरबोर्डवरची बटण बॅटरी संपली की बायोसमधला (मशीनच्या मूळ सेटिंगमधला) बूट क्रम, म्हणजे आधी कुठून चालू व्हायचं ते, विसरला जातो, मशीन हार्ड डिस्कवरून चालू होतं, लॉगिन स्क्रीन पण येतो, आणि तिथे तुमच्या आठवीच्या पोराचं नाव कुठून असणार! मे महिन्याच्या सुट्टीनंतर आणि गणपतीच्या सुट्टीनंतर हे हमखास, कारण इतके दिवस मेन स्विच बंद असतो आणि सगळा भार त्या बॅटरीवर. ओळखायचं कसं तर नव्या (२०१९ नंतरच्या) एलटीएसपीत क्लायंटचं नाव आपोआप एलटीएसपी आणि पुढे आयपी पत्त्याचा शेवटचा आकडा असं असतं, लॉगिन स्क्रीनवर ते नाव दिसतं का बघा. मी तर लॅबच्या इमेजला वेगळाच वॉलपेपर लावायला सांगतो म्हणजे लांबूनच कळतं. उपाय सोपा: बॅटरी बदला, बायोसमध्ये नेटवर्क बूट पहिलं करा, आणि हार्ड डिस्कची वायर काढूनच टाका. फक्त काढायच्या आधी त्यात कोणाचा कामाचा डेटा नाही ना ते विचारा.

तिसरं, केबल. मिरग लागला की दोन महिन्यांत लॅनच्या सॉकेटमधल्या पिना हिरव्या पडायला लागतात, खाऱ्या हवेत तर लवकरच. अशी केबल पूर्ण तुटलेली नसते, म्हणून मशीन बूट होतं, पण पासवर्ड टाकल्यावर काळा स्क्रीन येतो आणि मिनिटभराने परत लॉगिन. आधी चांगली केबल लावून बघा, फरक पडला तर सॉकेट अल्कोहोलने साफ करा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. केबलचं टोक हिरवं झालं असेल तर ते कापून नवीन कनेक्टर लावा, घासत बसू नका.

चौथं, रॅम. नव्या एलटीएसपीत सगळे प्रोग्राम क्लायंटवरच चालतात, सर्व्हर फक्त फाइली पुरवतो, त्यामुळे १ जीबी रॅमच्या मशीनवर लॉगिन होऊन डेस्कटॉप उघडता उघडता मशीन अडकतं आणि लोक म्हणतात लॉगिन होत नाही. निदान २ जीबी टाका, ४ असेल तर उत्तम.

५. एकाच युजरचं अडतंय आणि "पासवर्ड चुकीचा" म्हणतं

हा युजर नवीन आहे का ते आधी विचारा. सर्व्हरवर नवीन युजर बनवला तर त्याचं नाव क्लायंटना आपोआप कळत नाही. युजरची यादी इनिटआरडीत बांधलेली असते, म्हणून नवीन युजर बनवल्यावर सर्व्हरवर सुडो एलटीएसपी इनिटआरडी ही कमांड चालवायची आणि मग क्लायंट रिस्टार्ट करायचे. नुसतं लॉगआउट करून चालत नाही, मशीन बंद करून चालू. जूनमध्ये पाचवीची नवीन मुलं टाकली आणि एकाचंही लॉगिन होत नाही असा फोन आला की कारण हेच असतं. नवीन मुलांची नावं एकदम टाका आणि कमांड शेवटी एकदाच चालवा.

पासवर्ड बदलल्यावर मात्र यातलं काही करावं लागत नाही, कारण पासवर्ड दर वेळी सर्व्हरलाच विचारला जातो. पण तो बदलायचा सर्व्हरवरच, सुडो पासडब्ल्यूडी आणि पुढे युजरचं नाव. क्लायंटवर बसून बदलायला जाऊ नका, क्लायंट बंद झाला की त्याच्यावर केलेले बदल पुसले जातात.

युजर जुना आहे, पासवर्ड पण नवीन दिलाय, तरी नाही? मग सर्व्हरवर बसून त्याच युजरच्या नावाने लोकलहोस्टला (म्हणजे त्याच सर्व्हरला) एसएसएच करून बघा. इथे लोक एक चूक करतात, रूट (सगळे अधिकार असलेला मुख्य युजर) होऊन एसयू कमांडने त्या युजरमध्ये जातात आणि म्हणतात खातं तर चालतंय. रूटला एसयू पासवर्ड विचारतच नाही, त्यामुळे त्याने काही सिद्ध होत नाही. एसएसएचच करा. तिथे नाकारलं तर खात्याची शेल (लॉगिन झाल्यावर कमांड घेणारा प्रोग्राम) बघा, नोलॉगिन किंवा फॉल्स असेल तर बॅश करा. खातं लॉक आहे का, मुदत संपली आहे का ते पण.

६. पासवर्ड घेतो पण फिरून लॉगिन स्क्रीनवरच येतो

ही तक्रार ऐकलीत की खूश व्हा, कारण पासवर्ड बरोबर आहे, म्हणजे अर्धा रस्ता झाला.

क्लायंटवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबा, काळा अक्षरी स्क्रीन येईल, तिथे त्याच युजरने लॉगिन करा. तिथे गेलं तर ओळखपाळख ठीक आहे आणि बिघाड डेस्कटॉप उघडण्यात आहे. तिथेही नाही गेलं तर पायरी ५ मध्ये परत जा.

मग सर्व्हरवर येऊन या क्रमाने बघा. डीएफ -एच टाकून होमच्या डिस्कवर जागा आहे का. पोरांनी गाणी आणि व्हिडिओ भरले की होम भरतं, आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते त्यामुळे तुम्ही रूट म्हणून फाइल बनवून बघितली तर बनते आणि तुम्हाला वाटतं जागा आहे, पण पोराला एक अक्षर लिहायला जागा नसते. कोटा (प्रत्येक युजरला ठरवून दिलेली जागा) लावला असेल तर त्या एकाच युजरचा कोटा संपलेला असू शकतो, तो वेगळा बघा.

मग मालकी. कोणीतरी सुडो लावून त्या होममध्ये काही केलं असेल तर एक्सऑथॉरिटी किंवा आयसीईऑथॉरिटी नावाच्या लपलेल्या फाइलीची मालकी रूटकडे जाते आणि युजरला स्वतःचीच फाइल लिहिता येत नाही. एलएस -एलए ने बघा, रूट दिसला तर सीएचओडब्ल्यूएन ने त्या युजरला परत द्या.

हे दोन्ही ठीक असेल तर त्या होममधल्या डॉट कॉन्फिग फोल्डरचं नाव बदला आणि परत लॉगिन करा, डेस्कटॉपची नवीन सेटिंग बनेल. नाव बदला असं म्हणतोय, डिलीट करा असं नाही! आणि युजरच उडवून नवीन बनवायचा सोपा मार्ग तर अजिबात नको, त्या होममध्ये पोराने वर्षभर केलेला प्रकल्प असतो, त्याच्यासाठी तो लाखमोलाचा आहे.

एक छोटी गोष्ट. हुशार पोरं बॅशआरसी फाइलमध्ये (शेल चालू होताना वाचली जाणारी होममधली फाइल) स्वागताचा संदेश छापायची ओळ टाकतात. त्या जादा अक्षरांनी एसएफटीपी (ज्याच्यावर एसएसएचएफएस चालतं ते) गोंधळतं आणि होम जोडलं जात नाही. ती ओळ काढा.

७. सगळ्यांचंच अडलंय

रात्री लाइट गेली होती का ते पहिलं विचारा. पावसाळ्यात आपल्याकडे हा प्रश्न रोजचाच. सर्व्हर धाडकन बंद झाला की डिस्कवर चुका राहू शकतात आणि तसं झालं की लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरतीच जोडतं, मग लॉगिन स्क्रीन येतो, पासवर्डही बरोबर, पण कोणाच्याच होममध्ये काही लिहिता येत नाही. चाचणी युजरने एक फाइल बनवून बघा, "रीड ओन्ली" असं उत्तर आलं की समजा. तेव्हा कोणाला लॉगिन करायला लावू नका, लाइव्ह पेनड्राइव्हवरून सर्व्हर चालू करून एफएससीके ने ती डिस्क तपासा. आणि सर्व्हरला यूपीएस घ्या, क्लायंटला नसला तरी चालेल.

डिस्क ठीक असेल तर सिस्टिमसीटीएल स्टेटस एसएसएच टाकून एसएसएच चालू आहे का बघा. चालू असेल पण सगळ्यांना नाकारत असेल तर पासवर्डऑथेंटिकेशन ही सेटिंग बघा. कोणी सुरक्षेसाठी म्हणून ती "नो" केली असेल तर थिन क्लायंटचं लॉगिन संपलंच. मुख्य फाइलमध्ये "यस" दिसतं म्हणून थांबू नका, एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी नावाच्या फोल्डरात ५० क्लाउड-इनिट अशी एक छोटी फाइल उबुंटूवर असू शकते, ती आधी वाचली जाते आणि एसएसएच पहिली सापडलेली किंमतच धरतं. अलाउयुजर्स, अलाउग्रुप्स अशी (ठरावीक लोकांनाच आत सोडणारी) ओळ कोणी घातली आहे का ते पण बघा. आणि फायरवॉलने २२ नंबरचं पोर्ट अडवलंय का.

सर्व्हरवर एसएसएच काढून परत टाकलं असेल तर त्याच्या चाव्या (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फाइली) बदलू शकतात, मग क्लायंटकडे जुन्या असतात, आणि क्लायंट सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही. परत सुडो एलटीएसपी इनिटआरडी आणि क्लायंट रिस्टार्ट.

सर्व्हरचा आयपी पत्ता कायमचा ठरवून टाका. ब्रॉडबँडचा राउटर बदलला की नवीन पत्ते वाटले जातात आणि काल चाललेली लॅब आज चालत नाही.

इथे एक सावधगिरी. एलटीएसपी १९९९ पासून आहे आणि २०१९ मध्ये ते पूर्ण नव्याने लिहिलं गेलं, त्यामुळे नेटवर दोन्ही काळातल्या कमांड सापडतात. मध्ये आडवी रेघ असलेली कमांड, म्हणजे एलटीएसपी-अपडेट-इमेज किंवा एलटीएसपी-अपडेट-एसएसएचकीज, ही जुन्या ५ व्या आवृत्तीची. मध्ये मोकळी जागा असलेली, एलटीएसपी इमेज, एलटीएसपी इनिटआरडी, ही नवीन. तुमच्याकडे जुनी असेल आणि "हे वर्कस्टेशन सर्व्हरला जोडायला अधिकृत नाही" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येत असेल तर चाव्या किंवा पत्ता बदललाय, त्या दोन जुन्या कमांड चालवा, आधी एसएसएचकीजची आणि मग इमेजची. एकीची कमांड दुसरीवर चालवून बघत बसू नका.

८. कधी जातं, कधी नाही

याला लोक भुताटकी म्हणतात. भुताटकी नाही, दोन ठरलेली कारणं आहेत.

बेल वाजली, पोरं आत आली, सगळ्यांनी एकदम एंटर दाबलं, आणि काहींचं गेलं, काहींचं नाही, दुसऱ्यांदा टाकल्यावर गेलं. एसएसएचमध्ये मॅक्सस्टार्टअप्स नावाची सेटिंग असते, तिची मूळ किंमत १०:३०:१००. म्हणजे ओळख पटायची बाकी असलेली १० कनेक्शन झाली की पुढच्यांपैकी साधारण ३० टक्के सर्व्हर परस्पर नाकारायला लागतो, आणि आकडा वाढेल तसं हे प्रमाणही वाढतं. तीस मशीनच्या लॅबला हे कसं पुरणार? पहिला आकडा मशीनच्या दुपटीहून जास्त करा, म्हणजे १००:३०:२०० असं काहीतरी, आणि एसएसएच रिस्टार्ट करा. पोरांच्या पासवर्डला दोष देण्याआधी हे करा, खूप पोरं विनाकारण बोलणी खातात.

दुसरं कारण फेल टू बॅन, म्हणजे सारखा पासवर्ड चुकवणाऱ्या पत्त्याला अडवणारा प्रोग्राम. सर्व्हरवर कोणी हे टाकलं असेल तर एकाच पत्त्यावरून १० मिनिटांत ५ वेळा पासवर्ड चुकला की तो पत्ता १० मिनिटं बंद. म्हणजे एका पोराने पासवर्ड चुकवला आणि त्याच मशीनवर पुढच्या पोराचा बरोबर पासवर्डही चालत नाही, आणि तुम्ही बघायला येईपर्यंत आपोआप चालू होतं! लॅबच्या आतल्या पत्त्यांना त्याच्या इग्नोरआयपी या सेटिंगमध्ये टाका.

दोन्ही नसेल तर जर्नलसीटीएल -यू एसएसएच -एफ (एसएसएचच्या नोंदी लगेच दाखवणारी कमांड) सर्व्हरवर चालू ठेवा आणि कोणालातरी लॉगिन करायला सांगा. पोराने एंटर दाबल्यावर तिथे एकही ओळ आली नाही तर विनंती सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, केबल आणि स्विच बघा. स्विच उघडून पण बघा, आपल्याकडे आत मुंग्या घर करतात.

आणि "आठवी" नावाचं एकच खातं सगळ्या वर्गाला दिलं असेल तर ते आधी बंद करा. एकच होम दहा मशीनवर उघडलं की फायरफॉक्स म्हणतो मी आधीच चालू आहे, डेस्कटॉपची सेटिंग एकमेकांवर लिहिली जाते, आणि एकाने फाइल उडवली की सगळ्यांची जाते. प्रत्येक मुलाला स्वतःचं खातं द्या. पोराला स्वतःच्या नावाने लॉगिन करायला मिळालं की ते मशीन त्याला आपलं वाटतं, हे मी प्रत्येक शाळेत बघितलंय.

९. सुट्टीनंतर लॅब उघडताना

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी जा. सर्व्हर आधी चालू करा, पाच मिनिटं थांबा, डिस्कची जागा बघा. मग एकेक मशीन चालू करून चाचणी युजरने लॉगिन, तारीख बरोबर आहे का ते बघायचं, लॉगआउट. तारीख चुकली असेल तर लॉगिन होईल पण वेबसाइट सर्टिफिकेटची तक्रार करत उघडणार नाहीत, आणि ती बॅटरी लवकरच बूट क्रम पण विसरणार, तेव्हाच बदला. शेवटी सगळी मशीन एकदम रिस्टार्ट करा आणि दोन-चार सहकाऱ्यांना घेऊन जमतील तितक्या मशीनवर एकाच वेळी लॉगिन करून बघा. जे मशीन अडेल त्याच्यावर चिठ्ठी चिकटवा, वहीत टेबल नंबर लिहा, आणि पायरी ३ पासून सुरू करा.